अठ्ठ्याऐंशी डबे आणि पूर्ण दाब

सासूबाईंनी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले, त्या वर्षीची ही गोष्ट. आधी उजवा डोळा झाला, मग सव्वा महिन्याने डावा. दुसरी पट्टी निघाली त्या सकाळी त्यांनी घरभर एक फेरी मारली. पंख्यावरची धूळ पाहिली, कपाटामागची जळमटं पाहिली, मुलीचे पिकलेले केस पाहिले, आणि शेवटी जावयासमोर येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, "जावईबापू, मला वाटत होतं तुम्हाला केस आहेत."

या जावईबापूंना सगळी वसाहत अण्णा म्हणत असे. अण्णांची चौतीस वर्षं शहराच्या पाणीखात्यात गेली. लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली पाणी सोडण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि निरीक्षक होऊन निवृत्त झाले. माणसाची पारखसुद्धा ते दाबावरून करीत. कुणी हळू बोललं की म्हणत, "ह्याला दाब नाही." तळमजल्यावर राहणाऱ्यांविषयी त्यांच्या मनात कायमचा संशय असे, कारण पाणी आधी त्यांना मिळतं आणि बोंब वरच्यांची होते. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या ताब्यात स्वतःच्या घरातले तीन नळ तेवढे उरले होते, आणि त्यातला एकही गळत नव्हता. दुरुस्त करावं असं घरात काहीच नसलं की माणूस चिडचिडा होतो. अण्णांच्या बायकोचं तर म्हणणं होतं की एखादा नळ मुद्दाम फोडून ठेवावा.

वसाहत म्हणजे चार-चार मजल्यांच्या अकरा इमारती. जागा खोलगट, त्यामुळे मोबाइल घेऊन फाटकाबाहेर गेल्याशिवाय धड बोलता येत नसे. घरोघरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारा आलेल्या, त्या एकमेकींत अशा गुंतलेल्या की कबुतरंसुद्धा विचार करून बसत. म्हणून कमिटीने ठरवलं की सगळ्या वसाहतीला मिळून एकच वायफाय घ्यायचं. एका कंपनीची माणसं आली आणि प्रत्येक मजल्यावर दोन, असे एकूण अठ्ठ्याऐंशी पांढरे गोल डबे छताला ठोकून गेली. कंपनीवाले त्यांना ॲक्सेस पॉइंट म्हणत. वसाहत त्यांना डबेच म्हणू लागली. या अठ्ठ्याऐंशी डब्यांचा कारभार एकाच जागेवरून चालणार होता. त्यासाठी पंपाच्या खोलीत एक यंत्र आणि एक संगणक बसवला. कुठला डबा चालू, कुठला बंद, कुणाचा जोर किती, सगळं त्या एका पडद्यावर दिसे आणि तिथूनच बदलता येई.

आता हा पडदा सांभाळायचा कुणी, यावर सभा झाली. सातव्या इमारतीतले निवृत्त हेडमास्तर तयारच होते. ते घरी बसून संगणकावर मुलांची गणिताची शिकवणी घेत, म्हणून संगणकातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. पण चेअरमन म्हणाले, "ज्यांनी अख्ख्या शहराला चौतीस वर्षं पाणी पाजलं, त्यांना हे काय जड आहे?" अण्णा तीन वेळा "नको, नको" म्हणाले. चौथ्यांदा कुणी विचारणार नाही अशी शंका येताच त्यांनी होकार दिला. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, पण फक्त दोनच.

अधिकार एकाच माणसाच्या हाती जाऊ नये, याबाबत कमिटी फार दक्ष होती. म्हणून त्या यंत्राचा पासवर्ड दोन भागांत तोडला. पहिली सहा अक्षरं चेअरमनकडे, शेवटची सहा खजिनदारबाईंकडे. चेअरमन पेशाने दातांचे डॉक्टर. खजिनदारबाई शिवणकामाचे वर्ग घेत, आणि त्यांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता. यंत्र उघडायचं म्हणजे चेअरमननी रोग्याच्या तोंडात कापूस कोंबून धावत यायचं, सहा अक्षरं टाकायची, तोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग खजिनदारबाईंची पाळी. त्या एका हाताने पदर धरून कळफलक झाकत आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने अक्षरं दाबत. त्यात एक चुकलं की दोघांनाही पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला चेअरमनांचा रोगी तोंडात कापूस घेऊनच मागोमाग पंपाच्या खोलीत आला आणि त्यानेही शिस्तीत भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी अण्णांनी एक पाटी रंगवून संगणकावर टांगली: 'हा कधीही बंद करू नये.' उघडलेलं पान मग तसंच उघडं राहिलं.

पहिले दोन महिने सगळं सुरळीत चाललं, आणि अण्णांना तेच खुपू लागलं. डब्यांचा जोर यंत्र आपला आपण ठरवत होतं. पडद्यावर अण्णा बघत, तर एका डब्याचा जोर नऊ, शेजारच्याचा सहा, दुपारी नऊचा सात झालेला आणि सहाचा आठ. कुणी सांगितलं नाही, कुणाची सही नाही. पाणीखात्यात एखादी चावी आपोआप फिरलेली आढळली तर त्याचा अर्थ एकच असतो: चोर. अण्णा रोज वहीत आकडे लिहून ठेवू लागले. वसाहतीत येता-जाता कुणी भेटलं की विचारत, "वायफाय कसंय?" समोरचा म्हणे, "चांगलंय की." अण्णा हिरमुसून घरी येत. चौतीस वर्षांत त्यांच्याशी कुणी तक्रारीशिवाय बोललं नव्हतं.

पहिली तक्रार शेवटी घरातूनच आली.

सासूबाईंची थोरली बहीण परदेशात लेकाकडे राहत असे. वय शहाऐंशी, हृदय नाजूक, कान जवळजवळ गेलेले, आणि जीभ शाबूत. या दोघी बहिणी लहानपणापासून बुद्धिबळ खेळत. आता दोघींकडे एकेक पट होता आणि रोज दुपारी चारला संगणकावर एकमेकींचं तोंड बघत त्या खेळत. एकीने खेळी केली की दुसरीने आपल्या पटावर तशीच मांडायची. साठ-सत्तर वर्षांत सासूबाई एकदाही जिंकल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं की त्यातली शेवटची वीस वर्षं मोतीबिंदूमुळे गेली.

सासूबाईंची खोली चौथ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, टोकाला, जिन्याच्या जाड भिंतीआड. तिथे मधूनच चित्र थिजे. "हॉलमध्ये बसून खेळा ना," असं मुलीने सुचवलं, तर म्हणाल्या, "मांडलेला पट हलवत नसतात." आणि जावयाला म्हणाल्या, "जावईबापू, शहराला पाणी पाजलंत म्हणे. तुमचं हे वरच्या मजल्यावर चढत नाही."

हा घाव वर्मी बसला. अण्णा तडक पंपाच्या खोलीत गेले, आपल्या मजल्यावरचा डबा शोधला, आपोआपची खूण काढली आणि जोर पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी चित्र लख्ख. सासूबाई म्हणाल्या, "तिच्या दाताची कवळी हलतेय तीसुद्धा दिसली." अण्णांच्या आयुष्यातला तो निवृत्तीनंतरचा सर्वांत सुखाचा दिवस होता.

पण वसाहतीत सुख झाकून राहत नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे शिंपी आले. म्हणाले, "अण्णा, तुमचा डबा जोरात आणि आमचा मात्र मिणमिणता, हे बरं दिसतं का?" अण्णांनी त्यांचा वाढवला. मग तिसरी इमारत आली, नववी आली. अण्णांचं एक तत्त्व होतं: पाणीखात्यात असताना त्यांनी सख्ख्या भावाच्या गल्लीलाही कधी पाच मिनिटं जास्त पाणी दिलं नव्हतं. भेदभाव त्यांना सहन होत नसे. एका रविवारी सकाळी त्यांनी चहा संपवला, पंपाच्या खोलीत जाऊन बसले, आणि अकरा इमारतींचे अठ्ठ्याऐंशी डबे एकामागून एक पूर्ण जोरावर नेले. शेवटचा डबा झाला तेव्हा त्यांनी खुर्चीवर मागे रेलून पडद्याकडे पाहिलं. सगळीकडे एकच आकडा. असा समान दाब त्यांना शहरात चौतीस वर्षांत कधी मिळवता आला नव्हता.

सोमवारी वसाहतीचं वायफाय बसलं.

बसलं म्हणजे बंद पडलं असतं तर परवडलं असतं. प्रत्येकाच्या फोनवर जोराच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत, आणि आत काहीच येत नसे. चक्र नुसतं गरगरे. "ताट भरलेलं आहे आणि तोंड शिवलेलं आहे," असं शिंपी म्हणाले. माणूस पाचव्या इमारतीतून दहाव्या इमारतीत गेला तरी फोन आपला पाचव्या इमारतीच्या डब्याला चिकटून, कारण तोही तिथपर्यंत ऐकू येतच होता.

मग सल्ले सुरू झाले. शिंप्यांनी डब्यामागे आरसा लावायला सांगितलं. चेअरमननी रोग्याच्या तोंडात आरसा धरूनच फोनवर सांगितलं की सगळं एकदा बंद करून चालू करा. सासूबाई म्हणाल्या डब्यांना दृष्ट लागली असेल, आणि स्वतःच हसल्या. अण्णांनी कंपनीच्या तक्रारखात्याला फोन केला. तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की तक्रार फक्त कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदवता येते. अण्णा फाटकाबाहेर जाऊन, एका पायावर जोर देऊन, फोन उंच धरून उभे राहिले आणि तक्रार नोंदवली. उत्तर आलं की तक्रारदाराने वसाहतीच्या कमिटीचा ठराव जोडावा. ठराव जोडला. उत्तर आलं की ठरावावर तारीख डावीकडे आहे, ती उजवीकडे हवी. पाणीखात्यात अण्णांनी हेच लोकांना सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना रागही येईना.

"माणूस पाठवायला तीन आठवडे लागतील म्हणे," ते घरी येऊन म्हणाले.

"तोवर काय करणार?" बायकोने विचारलं.

"पाणी कमी असलं की काय करतात? पाळ्या लावतात."

तिने हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, हे पाणी नाही."

"सगळं पाणीच असतं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाळ्यांचं पत्रक लागलं. एका वेळी दोन इमारती चालू, बाकीच्या बंद, दोन-दोन तास. वेळा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. चौथ्या इमारतीला तीन ते पाच मिळाली. अण्णा घड्याळ समोर ठेवून पंपाच्या खोलीत बसत आणि ठोक्याला डबे बंद-चालू करीत. आणि गंमत अशी की ज्या इमारतीची पाळी असे तिथे वायफाय खरोखर सुसाट चाले. अण्णांना वाटलं, बघा, शेवटी अनुभवच कामी येतो. दोनच इमारतींचे डबे चालू असताना गाडं का धावतं, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण यश मिळालं की माणसाला प्रश्न पडत नाहीत.

वसाहतीने पाण्याच्या पाळीचा जुना बाणा लगेच बाहेर काढला. पाळी नसलेले लोक पाळी असलेल्या इमारतीकडे निघत, बगलेत संगणक, हातात घडीची खुर्ची. जिन्याच्या पायऱ्यांवर जागा धरायला लोक आदल्या पाळीतच चपला ठेवून जात. आपल्या पाळीत परक्या इमारतीचे लोक येतात म्हणून सहाव्या इमारतीने जिन्याच्या दाराला कुलूप लावलं आणि स्वतःच्याच दूधवाल्याला बाहेर ठेवलं. हेडमास्तरांची शिकवणी सकाळी नऊची आणि सातव्या इमारतीची पाळी दुपारी एकची. ते नऊ वाजता दुसऱ्या इमारतीच्या जिन्यात, वर सदरा-कोट आणि खाली लेंगा अशा वेषात, बसून समीकरणं सोडवून दाखवत. एके दिवशी मुलांना समजावताना तावातावाने फळ्याकडे वळायला उभे राहिले. फळा घरी राहिला होता. लेंगा मात्र बावीस मुलांना दिसला.

त्याच दिवशी त्यांनी खास सभेची मागणी केली. विषय एकच: अण्णांना काढणे.

अण्णा म्हणाले, "सभेला घाबरणारा मी नव्हे." पण त्या रात्री ते जेवताना पाणी मागायला विसरले.

खरा घात झाला तो गुरुवारी. त्या दुपारी सासूबाई साठ-सत्तर वर्षांत प्रथमच जिंकत होत्या. थोरलीचा वजीर गेला होता, राजा कोपऱ्यात दबला होता. थोरलीने खूप वेळ घेतला. मग तिने एक प्यादं पुढे सरकवलं आणि हात उचलला. सासूबाईंना स्वच्छ दिसलं की ही खेळी चुकली, आता दोन चालींत मात. त्यांनी उंटाला हात घातला, आणि चित्र थिजलं. भिंतीवर पाच वाजले होते. पंपाच्या खोलीत अण्णांनी चौथी इमारत ठोक्याला बंद केली होती, सख्ख्या भावाला नाही ते सासूला कसं देणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी चित्र आलं तेव्हा थोरलीच्या पटावर प्यादं जुन्या घरात होतं आणि हत्ती राजाच्या शेजारी येऊन उभा होता.

"प्यादं कुठं गेलं?" सासूबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, कारण थोरलीला ऐकू येत नसे.

"मी हत्ती हलवला होता," थोरली मोठ्याने म्हणाली.

"प्यादं हलवलंस. मी डोळ्यांनी पाहिलं."

"तुझे डोळे आत्ता उघडलेत, अजून सवय नाही तुला," थोरली म्हणाली आणि संगणक मिटला.

त्या दिवसापासून दोघींचा अबोला. सासूबाई रोज चारला पटासमोर बसत, पण संगणक लावत नसत. जेवण नेहमीचं, बोलणं नेहमीचं, फक्त जावयाशी एक शब्द नाही. पाचव्या दिवशी अण्णा न राहवून त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"तुम्ही फोन करा ना मावशींना. तीन ते पाच चालू असतं."

सासूबाई पटाकडेच बघत होत्या. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "ती शहाऐंशीची आहे. तिच्या लेकाने मागच्या महिन्यात सांगितलं, डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केलीय. मला जिंकायला सत्तर वर्षं लागली. पुढची सत्तर तुम्ही देणार आहात का?"

अण्णा पंपाच्या खोलीत जाऊन बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पाळी बदलायला सात मिनिटं उशीर झाला.

सभेच्या आदल्या दिवशी कंपनीची इंजिनियर आली. चाळिशीची बाई, पाठीवर पिशवी, डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "कंट्रोलर, म्हणजे डब्यांचं यंत्र, कुठंय?" तिने कसलीशी दुरुस्ती चढवायला यंत्र बंद केलं. अण्णांची पाटी तिच्या पायाशी पडली. मग चेअरमन आले, खजिनदारबाई आल्या, सगळे भिंतीकडे वळले. इंजिनियरबाई निमूटपणे वळल्या. अशी पूजा त्यांनी आजवर पाहिली नव्हती, पण पगार कंपनी देत होती.

पडदा उघडला. त्यांनी आकड्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

खजिनदारबाईंनी अण्णांकडे पाहिलं. चेअरमननी घड्याळाकडे पाहिलं.

"मी केलं," अण्णा म्हणाले. "सर्वांना समान दाब दिला."

"आजोबा, एका खोलीत अठ्ठ्याऐंशी माणसं बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली तर कुणाला काय ऐकू येईल?"

आजोबा हा शब्द अण्णांना लागला. तो गिळून ते म्हणाले, "पण जोर वाढवला की लांबपर्यंत पोचतं."

"पोचतं. तेच तर वाईट आहे. पाणी नळीत असतं, ह्या नळीतलं त्या नळीत जात नाही. हे मोकळ्या हवेत असतं. एक डबा बोलत असताना त्याचा आवाज जिथवर जातो, तिथवरच्या बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. सगळ्यांचा आवाज सगळीकडे गेला, की प्रत्येकाला सगळ्यांसाठी थांबावं लागतं. शिवाय डबा ओरडला तरी बिचारा फोन तेवढ्या जोराने उत्तर देऊ शकत नाही. म्हणून डब्यांनी हळू बोलायचं. आपल्या मजल्यापुरतं. किती हळू, ते यंत्र शेजाऱ्यांचा अंदाज घेऊन ठरवतं. तुम्ही ते बंद केलंत."

"म्हणजे ते आकडे आपोआप बदलत होते ते..."

"काम करत होतं ते."

अण्णा खाली बसले. दोन महिने ज्याला चोर समजून वहीत नोंदी ठेवल्या, तो वसाहतीतला एकमेव कामसू प्राणी निघाला होता.

इंजिनियरबाईंनी आणखी सांगितलं की सासूबाईंच्या खोलीपाशी जोर वाढवून उपयोग नाही, तो डबा भिंतीच्या पलीकडून अलीकडे चार हात सरकवायला हवा. तो त्यांनी तासाभरात सरकवून दिलाही. पण सगळ्यांचा जोर कमी करायचा म्हणजे सेवेत बदल, आणि त्याला वसाहतीचा ठराव लागतो. "तारीख उजवीकडे," त्या जाता जाता म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत थांबते मी गावात."

सभा वाहनतळावर भरली. अकरा इमारतींतून इतके लोक कधीच आले नव्हते. हेडमास्तर चौदा मुद्दे लिहून आले होते. त्यांनी पहिला मुद्दा वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा उभे राहिले.

चौतीस वर्षांच्या नोकरीत अण्णांनी "वरून आदेश आहे" हे वाक्य हजार वेळा उच्चारलं होतं, "पाइप फुटला" हे त्याहून जास्त, आणि "माझं चुकलं" हे एकदाही नाही. ते वाक्य बाहेर पडायला बराच वेळ लागला. लोकांना वाटलं त्यांना चक्कर येतेय. शिंप्यांनी खुर्ची पुढे केली.

"माझं चुकलं," अण्णा म्हणाले. "वायफाय मी बसवलं, म्हणजे खाली बसवलं. जोर वाढवायला नको होता. आता तो कमी करायला तुमची परवानगी हवी. मग मला काढा."

हेडमास्तरांनी चौदा मुद्द्यांचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला. हे कुठल्याच मुद्द्यात बसत नव्हतं.

पण परवानगी कोण देणार? लोकांना चूक मान्य होती, दुरुस्ती मान्य नव्हती. नववी इमारत म्हणाली, "बाकीच्यांचा कमी करा, आमचा राहू द्या." पाचवी म्हणाली, "नववीचा राहणार असेल तर आमचाही." शिंपी म्हणाले, "निदान मुलांच्या परीक्षा होईस्तोवर," आणि त्यांच्या घरी परीक्षेला बसणारं कुणी नव्हतं. सगळे एकदम बोलू लागले, चेअरमन टेबल बडवू लागले, आणि इंजिनियरबाईंनी सांगितलेली अठ्ठ्याऐंशी माणसांची खोली अण्णांना डोळ्यांसमोर दिसू लागली.

सासूबाई कधी जिना उतरून आल्या ते कुणालाच कळलं नाही. त्या पुढे येऊन खजिनदारबाईंच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात त्यांनाच म्हणाल्या, "लिहून घ्या. चौथी इमारत, तिसरा मजला, टोकाची खोली. माझा डबा सर्वांत आधी कमी करा."

खजिनदारबाईंनी लिहिलं. "आजी, तुमच्याकडेच तर सर्वांत जास्त अडतं ना?"

"अडतं. माझा डाव अडलाय. माझ्यापेक्षा कुणाचं जास्त अडलं असेल त्याने आपला वाढवून मागावा."

पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. हेडमास्तर पहिले उठले. "सातवी इमारत," ते म्हणाले, "माझाही." मग त्यांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली, आणि ती खिशात टाकताना त्यांना फार जड गेलं हे सर्वांना दिसलं. त्यानंतर एकेक इमारत आपलं नाव लिहून गेली. नववी शेवटून दुसरी आली, कारण शेवटची यायची तिला लाज वाटली. अण्णांना काढायचा विषय मात्र राहूनच गेला. खजिनदारबाईंनी नंतर सांगितलं की ठरावाच्या कागदावर जागाच नव्हती.

संध्याकाळी पासवर्डची पूजा झाली, इंजिनियरबाईंनी सगळे डबे पुन्हा आपोआपवर टाकले, आणि अर्ध्या तासात वसाहत सुतासारखी सरळ झाली. "आता हात लावायचा नाही," त्या अण्णांना म्हणाल्या.

"मग मी करायचं काय?"

"बघायचं. एखादा डबा बंद पडला तर कळवायचं."

नुसतं बघणं हे किती कठीण काम आहे, ते अण्णांना पुढच्या काही दिवसांत कळलं. हात शिवशिवू लागला की ते मांडीखाली घेऊन बसत.

पण सासूबाईंचा पट तसाच होता. चित्र आता लख्ख, वेळेचं बंधन नाही, आणि दोघी बहिणींपैकी एकही संगणक उघडेना. "आधी ती करेल," सासूबाई म्हणत. अण्णांना ठाऊक होतं की तिकडे परदेशातही नेमकं हेच वाक्य म्हटलं जात असणार. एका सकाळी त्यांनी पंपाच्या खोलीतून स्वतःच थोरलीला व्हिडिओ फोन लावला. एका मोठ्या कागदावर त्यांनी रंगवून आणलं होतं: 'मावशी, त्या दिवशी वायफाय मी बंद केलं. चूक माझी. तिची नाही.' पाटी रंगवायची सवय अशी कामी आली.

पडद्यावरची म्हातारी कागद वाचून बराच वेळ हसली. कवळी खरोखर हलत होती.

"तू बंद केलंस ते बरं केलंस रे," ती म्हणाली. "मी हरत होते. प्यादंच हलवलं होतं मी. चित्र थिजलं तशी हळूच मागे घेतलं."

अण्णांनी घाईघाईने दुसरा कागद घेतला. लिहिलं: 'मग सांगा तिला.'

"सत्तर वर्षं मी तिला जिंकू का दिलं नाही, ठाऊक आहे का तुला? तिला जिंकायचं होतं म्हणून ती रोज यायची. जिंकली की यायची बंद होईल." मग ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. "ती जेवते का नीट?"

अण्णांनी लिहिलं: 'जेवते. माझ्याशी बोलत नाही.'

"म्हणजे बरी आहे," थोरली म्हणाली.

त्या दुपारी चारला सासूबाईंचा संगणक वाजला. अण्णा दाराआड उभे होते, हात मांडीखाली घेऊन बसायला खुर्ची नव्हती म्हणून ते खिशात घालून.

"काल पट पुसताना आठवलं," थोरलीचा आवाज आला. "प्यादंच होतं. चल, कर तुझी खेळी."

सासूबाईंनी कागदावर काही लिहिलं नाही. त्यांनी उंट उचलला, ठेवला. थोरलीने राजा एक घर सरकवला. सासूबाईंनी हत्ती आणला. पलीकडे म्हातारीने आपला राजा पटावर आडवा ठेवला. चित्र एकदाही थिजलं नाही.

सासूबाईंनी कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मांड परत.' आणि दाराकडे न बघता म्हणाल्या, "जावईबापू, उभे का? बसा की."

त्यानंतर दोघी रोज चारला खेळत राहिल्या. सासूबाई पुन्हा एकदाही जिंकल्या नाहीत, आणि त्याबद्दल वायफायला त्यांनी कधी दोष दिला नाही. थोरल्या मावशी पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, रविवारी सकाळी, आपल्या लेकाच्या घरी वारल्या. त्यांचं वय सत्त्याऐंशी होतं.